हिगुसाची बदकं

पुरुषाला भीती वाटत नाही. जगाची घडी बसली तेव्हाच हे ठरून गेलेलं आहे. पहिल्या अस्वलासमोर उभा राहिला तो पुरुष, खवळलेल्या समुद्रात पहिली होडी लोटली ती पुरुषाने, आणि तानिबे गावच्या बस डेपोतले ड्रायव्हरही, दोन बायका सोडल्या तर, झाडून सगळे पुरुष. त्यांना भीती कधीच वाटत नसे. त्यांना पित्त होत असे.

डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत चहाच्या थर्मासशेजारी पित्ताच्या पुड्यांचा एक पत्र्याचा डबा असे, आणि तो चहाच्या डब्यापेक्षा लवकर संपे. कोणाचा मुलगा खोलीचं दार लावून बसला आणि बाहेर येईना, की बापाला पित्त. कोणाची बायको माहेरी गेली ती परत यायचं नाव काढेना, की पित्त. सोरिमाची नावाच्या एका ड्रायव्हरला तर त्याने इतकं ग्रासलं की एका सकाळी तो घरातून डेपोकडे निघाला आणि डेपोत पोचलाच नाही. धरणाच्या काठावर त्याची टोपी सापडली, नीट घडी घातलेल्या कोटावर ठेवलेली. कपाटावरची त्याच्या नावाची पट्टी काढताना कोणीतरी म्हणालं, पित्त फार वाईट. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या गाड्या काढल्या.

इसोगाईला पित्त झालं ते ओनिकोशीच्या बोगद्यात, आणि तेही चालत्या गाडीत.

डोंगरापलीकडच्या इस्पितळाला जाणारी ती गाडी इसोगाईने इतकी वर्षं चालवली होती की बोगद्यातली कुठली ट्यूब फडफडते हेसुद्धा त्याला पाठ होतं. त्या दिवशी समोरून ट्रक आला नाही, धुकं नव्हतं, कोणी ब्रेक मारायला लावला नाही. काही म्हणजे काहीच घडलं नाही, आणि तेच भयंकर होतं. मध्यावर पोचता पोचता त्याचं काळीज एकाएकी असं धडधडायला लागलं, जसं काही आतून कोणी दार बडवतंय. श्वास कॉलरपाशी येऊन परत फिरायला लागला. पांढऱ्या हातमोज्यांत आपले हात आहेत की नुसती हवा भरली आहे ते त्याला समजेना. आपण आत्ता मरणार, या क्षणी, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्यात वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. वरच्या आरशात एक आजी संत्रं सोलत होती. तिच्या मागे सगळी पिकली डोकी गाडीच्या तालावर डुलत होती. आपण मेलो की ही सगळी डोकीही आपल्याबरोबर भिंतीवर जाणार. बोगद्याचं तोंड दूर पांढऱ्या ठिपक्याएवढं दिसत होतं आणि ते काही केल्या मोठं होईना.

झालं एकदाचं. बाहेर येताच त्याने गाडी कडेला घेतली, माईकवरून गैरसोयीबद्दल माफी मागून टायर तपासत असल्याचं सांगितलं आणि खाली उतरून तो पुढच्या टायरला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. आतल्या मंडळींना वाटलं, काय जबाबदार माणूस. इस्पितळात पोचल्यावर संत्र्याच्या आजीने दोन फोडी त्याच्या हातावर ठेवल्या, आणि तिच्या म्हाताऱ्याने डेपोत फोन करून ड्रायव्हरचं तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर इसोगाईचं उदाहरण देण्यात आलं. टाळ्याही पडल्या.

त्यानंतर भीतीने आपला मुक्काम हलवला नाही. बोगदा डोंगरात होता तो घरात आला. आंघोळीच्या टबात पाणी छातीशी आलं की दम लागे, म्हणून तो दार सताड उघडं ठेवून आंघोळ करू लागला. लिफ्ट सोडली, मफलर सोडला. कॉलरची वरची गुंडी उघडी ठेवायची सोय नव्हती, गणवेश होता. तेव्हा ती गुंडी लावताना रोज सकाळी तो गळफास लावणाऱ्या माणसासारखा दिसायचा. आणि बोगदा तर दिवसातून कितीतरी वेळा ओलांडायचा होताच. दर वेळी आत शिरताना त्याला वाटायचं, आज. बाहेर आला की वाटायचं, म्हणजे मग पुढच्या फेरीला.

त्याने छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वायरी लावल्या, पट्टी काढली आणि काळीज अगदी तरण्या बैलासारखं आहे म्हणून सांगितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते हळूच म्हणाले की, दुसऱ्या प्रकारचेही डॉक्टर असतात, मनाचे. इसोगाईला तुमच्या घरात भूत आहे असं कोणी सांगितल्यासारखं वाटलं. त्याने वाकून आभार मानले आणि जवळजवळ पळतच बाहेर आला.

शेवटी तोंड उघडलं ते बायकोने. कियोनो एरवी नवऱ्याच्या कामात बोलत नसे. त्या दिवशी भात वाढता वाढता तिने जणू भाताबद्दलच सांगितलं.

"अहो, तुम्ही झोपेत स्टिअरिंग फिरवता. पांघरूण सगळं तुमच्याकडे जातं, मी रात्रभर कुडकुडते."

"पित्ताने झोप लागत नाही."

"मग त्या पित्ताला घेऊन हिगुसाला जा," कियोनो म्हणाली. "पलीकडच्या शिंदोबाईंचे मालक जायचे. ते कुठे जातात हे आपल्याला माहीत आहे असं त्यांना कोणी दाखवायचं नाही, एवढंच."

मनाच्या डॉक्टरचा दवाखाना खुद्द तानिबेतही होता, स्टेशनच्या समोरच, छान निळ्या पाटीचा. पण तानिबेचा एकही माणूस त्यात पाऊल टाकत नसे. तिथे यायचे नदीकाठच्या हिगुसा गावचे लोक. आणि तानिबेचे जायचे हिगुसाला. सकाळची वर जाणारी आणि खाली येणारी अशा दोन्ही आगगाड्या, रूळ एकच असल्यामुळे, मधल्या एका छोट्या स्टेशनात एकमेकींची वाट बघत उभ्या राहत, आणि तेवढा वेळ दोन्ही गावांचे घाबरलेले पुरुष, तोंडाला मास्क आणि कपाळावर टोपी, काचेपलीकडून समोरासमोर येत. कोणी कोणाकडे बघत नसे. सगळे अतिशय लक्षपूर्वक वर्तमानपत्र वाचत.

इसोगाईने डेपोत दाताचं कारण सांगितलं आणि एके मंगळवारी त्या गाडीत जाऊन बसला. गाडी नदीच्या काठाकाठाने जात होती, वाटेत बोगदा नव्हता, तरी त्याच्या हातांना घाम फुटला होता. डब्यात शिरणारा प्रत्येक माणूस ओळखीचा वाटत होता. समोरच्या बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर त्याला वाटलं, हिला कळलं. पुढच्या स्टेशनला ती उतरली, तेव्हा वाटलं, आता ही सांगायला निघाली.

दवाखाना एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्या मजल्यावर शिवणकामाचा वर्ग होता, आणि दोघांना जिना एकच. इसोगाई जिन्याच्या तोंडाशी उभा राहून, गल्ली रिकामी होईपर्यंत, काज-बटणाच्या वर्गाचं वेळापत्रक वाचत राहिला. वरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या एका दिशेला तोंड करून मांडल्या होत्या. समोर एक काचेची पेटी होती आणि तीत एकच मासा. तमाम पुरुष त्या माशाकडे बघत बसले होते. इतक्या लोकांनी इतकं टक लावून बघितल्यामुळे मासाही दगडाआड गेला होता. इथे नावं घेत नसत, नंबर पुकारत. ती खबरदारी मुद्दाम घेतलेली होती. इसोगाईचा नंबर पुकारला तेव्हा तो ताडकन उठला आणि डेपोतल्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाला, "इसोगाई, हजर." खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर उमेझावा त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, तो म्हणाला ठीक. भुकेचं विचारलं, ठीक. घरचं, कामाचं, सगळंच ठीक. बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"मग आलात कशासाठी, इसोगाई-सान?"

"पित्तासाठी."

"कुठे होतं?"

इसोगाईने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"बोगद्यात," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर तो उठून गेला असता. त्याने पाय तसे तयारही ठेवले होते. पण त्या नुसत्या थांबल्या, आणि मग त्याला थांबता येईना. काळीज, हातमोजे, संत्र्याची आजी, आंघोळीचं दार, गुंडी, सगळं सांगून झालं. सांगतानासुद्धा दम लागला, इतका की बाईंनी उठून खिडकी उघडली. मग त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची? मरणाची?

"मरणाची आहेच," तो म्हणाला. "पण त्याआधी गाडी थांबवून सगळ्यांना सांगावं लागेल ना, की मला भीती वाटतेय. त्याची जास्त."

बाईंनी त्याला समजावून सांगितलं, याला नाव आहे, हे पुष्कळांना होतं, औषध आणि बोलणं दोन्ही नेटाने घेतलं तर बरंच ताब्यात येतं. सुरुवातीला गोळीने गुंगी येईल. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि डेपोत हे सांगायचं. यातलं त्याने ऐकलं ते फक्त शेवटचं. डेपोत सांगायचं.

परत स्टेशनकडे येताना त्याच्या डोळ्यांसमोर छत्र्या नाचत होत्या. गाडीवरून उतरवलेल्या ड्रायव्हरला मागच्या गोदामात बसवत; प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि कोणी मागायला आलंच तर द्यायच्या. कोणी येत नसे. तिथे बसलेल्या माणसाला लोक आधी हळू आवाजात हाक मारत आणि पुढे पुढे मारतच नसत. शिवाय सांगायचं होतं ते तोदोरोकीसाहेबांना. साहेब सकाळची हजेरी घेत. त्यांची मान बैलासारखी होती आणि आवाज हॉर्नसारखा, आणि तीस वर्षांत त्यांनी पित्ताची पुडीसुद्धा घेतलेली कोणी बघितली नव्हती. इसोगाईने फलाटावर उभं राहून पक्कं ठरवलं. गोळ्यांना हात लावायचा नाही. उद्या गाडी काढायची. बोगद्यात जे व्हायचं ते होईल. गाडीला वेळ होता, म्हणून तो फलाटावरच्या दुकानाच्या फळीला टेकला.

आणि तिथे त्याच्या हाताने घात केला. बाहेरगावी गेलेल्या माणसाने परत येताना कामावरच्यांसाठी तिथला खाऊ आणायचा, हे त्या देशात आईच्या दुधाबरोबर अंगात भिनलेलं असतं. ते डोक्याला विचारून होत नाही. डोकं उद्याच्या बोगद्यात होतं. हाताने एक खोका उचलला, पैसे दिले, पिशवी घेतली. सकाळी त्याच हाताने तो खोका डेपोतल्या टेबलावर मधोमध ठेवला, झाकण काढलं, आणि इसोगाई गुंडी लावायला आरशाकडे वळला.

खोक्यात बदकं होती. पिवळी, गुबगुबीत, पोटात लाल चवळीचं गोड पुरण भरलेली. ती हिगुसाच्या स्टेशनावर मिळतात आणि पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

"इसोगाई," मागून नेझुचा आवाज आला. नेझु म्हणजे डेपोतला सगळ्यात बोलका ड्रायव्हर; त्याच्या गाडीत चढलेल्या माणसाला आपल्या शेजाऱ्याची बातमी त्याच्याकडून कळे. "ही तर हिगुसाची."

इसोगाईचा हात गुंडीवर होता तिथेच राहिला. आरशात त्याने आपला चेहरा पांढरा होताना पाहिला. कानात तेच बडवणं सुरू झालं. बोगदा नव्हता, खिडक्या उघड्या होत्या, तरीही.

"दात दाखवायला हिगुसाला गेला होतास?" नेझुने विचारलं. हिगुसाला लोक कशाला जातात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. इतकं नेमकं कसं माहीत होतं, हे मात्र कोणीच कोणाला विचारत नसे. नेझुने त्याच्याकडे खालून वर पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "अस्सं. लेका, दात केवढा आहे? तिशीतला तरी आहे का?"

खोली हुश्श करून हसली. बाई. इसोगाईने हिगुसाला बाई ठेवली आहे. बायको, मुलगी, कर्ज फिटत आलेलं घर आणि हिगुसाला बाई. इतका साधा दिसणारा माणूस. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. ज्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याच्याशी कधी धड बोलणं केलं नव्हतं, त्याने आपल्या हाताने त्याला चहा ओतून दिला. सगळ्यांनी एकेक बदक उचललं, जणू लग्नाचा लाडू. इसोगाईच्या लक्षात आलं की आपण वाचलो. नुसते वाचलो नाही, वर चढलो. आता दर मंगळवारी हिगुसाला गेलं तरी कोणी विचारणार नाही. फक्त गालात हसायचं आणि गाडी काढायची.

हजेरीचा पुकारा झाला. काउंटरपलीकडे तोदोरोकीसाहेब उभे होते. नळीत फुंकून दारूची तपासणी, मग समोरच्या उभ्या आरशात बघत, एकेका वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं. रोजचंच. बोट जाईल तिथे डोळा जातो आणि डोळ्याला दिसेल तेच तोंडाने म्हणायचं. सिग्नल लाल असताना हिरवा म्हणणारं तोंड ड्रायव्हरच्या मानेवर राहू शकत नाही, असं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं.

"परवाना, ठीक," इसोगाई म्हणाला. "टोपी, ठीक. हातमोजे, ठीक."

काचेतून बाहेर त्याची गाडी दिसत होती. आत संत्र्याची आजी येऊन बसली होती, नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी, नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर. त्याने बोट वळवून आरशातल्या स्वतःच्या छातीकडे नेलं. बोट थरथरत होतं. त्याला ते दिसलं.

"तब्येत," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द येईना.

साहेबांनी मान वर न करता खूण केली. "ठीक. पुढचा."

"ठीक नाही, साहेब."

साहेबांचा हात थांबला. मागून नेझु मित्राच्या मदतीला धावला. त्याने सांगितलं की साहेब, त्याचा दात जरा त्रास देतोय, आणि कोणीतरी खुसखुसलं.

"दात नाही," इसोगाई म्हणाला. त्याला वाटलं होतं ओरडावं लागेल, पण आवाज अगदीच बारीक निघाला. "बाईपण नाही. मला बोगद्यात भीती वाटते. रोज वाटते. हिगुसाला मी त्यासाठी गेलो होतो."

डेपोत तो शब्द त्याआधी कोणी उच्चारलेला नसावा. दारात उभ्या एकाच्या तोंडात बदकाचं डोकं होतं. त्याला ते चावावं की काढावं, ते कळेना. ज्याने थाप मारली होती तो आपल्या तळहाताकडे बघत होता. साहेबांनी गाडीची किल्ली इसोगाईच्या हातातून काढून घेतली आणि नेझुच्या हातावर ठेवली. मग आतल्या खोलीकडे बोट केलं.

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लावलं. पडदा ओढला. बाहेर इसोगाईची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळली, दूर गेली. इतका हलका आणि इतका लाजिरवाणा तो आयुष्यात कधी झाला नव्हता. साहेब त्याच्याकडे पाठ करून उभे होते. आता छत्र्या, त्याला वाटलं. आता कियोनोला काय सांगायचं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा, साहेबांच्या खोलीत, गणवेशाची वरची गुंडी काढली.

"सोरिमाची रोज माझ्यासमोर ठीक म्हणायचा," साहेब पडद्याला म्हणाले. "शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळीसुद्धा. मी खूण केली. पुढचा म्हणालो."

साहेबांनी पडद्याची उरलेली फट ओढून घेतली.

"छत्र्यांकडे बसायचं नाही. इथे बस, फोनवर, माझ्या शेजारी. ती डॉक्टरबाई हो म्हणेल तेव्हा गाडीवर जा." साहेब वळले. हॉर्नसारखा आवाज कुठेतरी खाली गेला होता, आणि कपाळावर घाम होता. "बाईच आहे ना तिथे?"

"हो, साहेब."

"ओरडते?"

"नाही. खिडकी उघडून देते."

"जिन्यात कोणी बघतं?"

"खाली शिवणकामाचा वर्ग आहे. जरा वेळापत्रक वाचत उभं राहायचं."

साहेबांनी हे नीट मनात बसवून घेतलं. दाराकडे पाहिलं, कडी लागली आहे याची बोट दाखवून खात्री केली, आणि टेबलावरून वाकून अगदी त्याच्या कानापाशी आले.

"पुढच्या मंगळवारची एक वेळ माझ्यासाठीपण घेऊन ठेवशील?" ते म्हणाले. "घे तुझ्याच नावावर. तुझं नाव काय, आता गेलंच आहे."